सांडू दे

शहादा तालुक्यातल्या एका पाड्यावरून आणलेली दीड वर्षांची मुलगी. वजन ५ किलो ८०० ग्रॅम. दंडाचा घेर १०.८ सेंटिमीटर, ११.५ च्या खाली आला की पट्टीवर लाल रंग दिसतो. पोषण पुनर्वसन केंद्रात ती आईच्या मांडीवर होती आणि वाटी पुढे आली की मान फिरवत होती. फार दिवस पोटात नीट गेलं नाही की भूकच मरते, हे मी तिथे बसून पाहिलं.

आई काकुळतीला आली होती. दोन पोरं सासूपाशी ठेवून आलेली. तिने पोरीचं नाक दाबलं, तोंड उघडताच चमचा आत सारला. पोरीला जोराचा ठसका लागला. सिस्टरने आईचा हात धरला, पण रागावली नाही. ‘‘ताई, थांब. आधीचं गिळू दे तिला.’’ मग पोरीला जरा ताठ बसवलं, चमचा खालच्या ओठाला टेकवून तसाच धरला. बऱ्याच वेळाने जिभेचं टोक बाहेर आलं.

वाटीत दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्यांची पूड. १०० मिलीत ७५ कॅलरी. दर दोन तासांनी फक्त ६५ मिली, रात्रीसुद्धा. ‘‘एवढंसंच?’’ आईने विचारलं. खंगलेल्या मुलाचं हृदयही खंगलेलं असतं. एकदम भरपूर अन्न गेलं तर जिवावर बेतू शकतं. हे आईला तिच्या बोलीत, पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं. नाहीतर ती मायेपोटी लपवून बिस्किटं चारणार, आणि त्यात तिचा काय दोष?

रात्री दोनच्या दुधाला आईचे डोळे मिटत होते. शेजारच्या खाटेवरच्या आजी उठल्या, ‘‘दे इकडे’’ म्हणाल्या आणि वाटी घेतली. आईला इथे जेवण मिळतं, बुडीत मजुरी मिळते. पण तासभर झोप मिळायला अशी एखादी आजीच लागते.

पुढे दूध बदललं, १०० मिलीत १०० कॅलरींचं झालं. नवव्या दिवशी पोरीने वाटीची कड पकडून ओढली. निम्मं दूध फ्रॉकवर. आई दचकून सिस्टरकडे बघू लागली.

‘‘सांडू दे,’’ सिस्टर हसत म्हणाली. ‘‘दुसरं आणते.’’

घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणीला यायचं. ‘‘दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाणार, गुजरातला,’’ आई हळूच म्हणाली. सिस्टरने कार्डावर वजन लिहिलं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. ‘‘जाशील तिथल्या अंगणवाडीत हे दाखव.’’ आईने पिशवीची घडी केली आणि पदरात गाठ मारली.