पेल्यातला धूर आणि आप्ताचा शब्द

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात व्हिस्की कशाला, असं काहींना वाटेल. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला चव लागते का, हा ज्ञानमीमांसेतला खरा प्रश्न आहे. नव्या धुरकट सिंगल माल्टच्या अनावरणाच्या संध्याकाळी तो अगदी पेल्यातून समोर येतो. अशा कार्यक्रमांना आम्ही पाहुणे म्हणून जाऊन आलो आहोत, म्हणून हे उदाहरण घेतलं.

आधी वस्तू समजून घेऊ. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. मोड पुरेसे आले की ते थांबवायला धान्य वाळवावं लागतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. हसू नका, उच्चार तोच आहे! तिथे जळणाला झाडं कमी, पीट भरपूर. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि झाडपाला अर्धवट कुजून दबलेला थर. तो वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर खोलीचं पीट साधारण हजार वर्षांचं. ते जाळून बार्ली वाळवली की धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल ही संयुगं ओलसर दाण्याला चिकटतात. त्यातली काही ऊर्ध्वपातनातून पार होऊन पिंपात उतरतात. गोव्याची पॉल जॉन, बेंगळुरूची अमृत यांच्याही धुरकट व्हिस्की आहेत, पण त्यातला धूर स्कॉटलंडच्या पीटचाच.

आता पेल्यात धूर आहे, पण आग कुठे? डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचं अनुमान आपण सगळे शिकलो. इथे आग केव्हाच विझली आहे. नैयायिक याला शेषवत् अनुमान म्हणतील, म्हणजे कार्यावरून कारण ओळखणं. नदीला गढूळ पूर आला, तर वर कुठेतरी पाऊस पडून गेला. तसंच हे.

पण त्या संध्याकाळी आपण अनुमान करतो का? नाही. पेला ओठाला लागायच्या आधीच कंपनीचा माणूस सांगतो: ‘धूर येईल, मग समुद्र, मग हॉस्पिटल, शेवटी मध.’ आपण घोट घेतो आणि मान डोलावतो. हे प्रत्यक्ष की शब्द? न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहेच, पण आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो. आमच्या या वक्त्याला वस्तू पक्की ठाऊक असते. मात्र त्याला ती विकायचीही असते. मग तो खोटारडा ठरतो का? तसंही नाही. त्याचं एकेक विधान वेगळं काढून तपासावं लागतं.

‘हॉस्पिटल’ हे खरं ठरतं. जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये ग्लासगोला जखमांसाठी कार्बोलिक आम्ल वापरलं, ते म्हणजे फिनॉलच. ‘समुद्र’ मात्र जपून घ्या. ऊर्ध्वपातनात मीठ वाफेबरोबर जात नाही, मागेच राहतं. पडद्यावर झळकणारा आकडाही तसाच. आर्डबेगचा 55च्या आसपास, ऑक्टोमोरचा शंभराच्या वर. दहा लाख भागांत फिनॉलचे इतके भाग, असा त्याचा अर्थ. पण तो सहसा बार्लीत मोजलेला असतो. पेल्यापर्यंत येताना त्यातला बराच भाग गळतो.

डेव्हिड ह्यूम यांनी 1757च्या रसास्वादावरच्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट सांगितली आहे. दोन जाणकार वाइन चाखतात. एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झालं, तर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली! रुची ज्याची त्याची, हे खरं असलं तरी काही चवींना वस्तूत आधार असतो. ग्वायाकॉल ही धुरकट व्हिस्कीतली किल्ली. लाकडाच्या धुरातही ते असतं. म्हणून आपल्याकडच्या कुणाला चुलीवर भाजलेलं वांगं आठवलं, तर ते अडाणीपण नव्हे. त्यानेही किल्लीच ओळखली.

इथे पणाला लागतो तो आपला अनुभव. सभागृहात सगळे ‘समुद्र, समुद्र’ म्हणत असताना ‘आम्हाला नाही लागला’ हे म्हणणं अवघड जातं. वाईट हे की थोड्या वेळाने तो खरोखर लागल्यासारखा वाटू लागतो. व्हिस्कीपुरतं हे चालेल. हीच सवय औषधाबद्दल, पुस्तकाबद्दल, पुढाऱ्याबद्दल लागली, तर महागात पडते.

म्हणून अशा कार्यक्रमाला गेलात, तर पहिला वास आणि पहिला घोट वक्ता बोलायच्या आत घ्या. आपला शब्द कागदावर लिहा, मराठीत लिहा: धुरकट, करपट, फिनेलसारखा, काहीही. मग त्याचं ऐका आणि पुन्हा चाखा. त्याच्या शब्दाने आधी निसटलेलं काही सापडलं, तर तो शिक्षक. नाही सापडलं, तर आपला कागद तसाच ठेवा. आणि जे पीत नाहीत, त्यांनी हा प्रयोग हापूसच्या फोडीवर करावा. प्रश्न तोच राहतो.