एका गावाची दोन नावं

मैत्रिणींनो, लेकीकडं ब्रसेल्सला बेतानं खर्च करून निघालात, तर आधी तिथल्या नावांची जोडी समजून घ्या. बेल्जियमच्या या राजधानीत फ्रेंच आणि डच दोन्ही भाषा सरकारी. रस्त्याच्या पाटीवरही दोन्ही नावं. स्टेशनावर ‘मिदी’ आणि ‘झाउत’ दिसलं तर गोंधळू नका, स्टेशन एकच. दोन्हींचा अर्थ दक्षिण.

बेळगाव-बेळगावी आपल्या कानाला सवयीचं, पण मोन्स आणि बेर्खेन एकच गाव हे ओळखायचं कसं? अँटवर्प डच भागात. तिथल्या फलकावर ‘बेर्खेन’च असतं. ‘मोन्स’ शोधत उभं राहिलात तर गाडी डोळ्यांदेखत जाते. जिथं जायचं त्याची दोन्ही नावं लेकीकडून कागदावर लिहून घ्या. विचारताना कागदच पुढं करा, आपल्या उच्चारापेक्षा तो बरा.