कलमावरचे बांडगूळ

पावसाळा सरून हवा कोरडी होऊ लागली आणि आंब्याला मोहोर फुटण्यास अजून अवधी असला, म्हणजे रत्नागिरीकडच्या बागांतून बांडगुळांचा बंदोबस्त करण्याचे काम निघते. कलमाच्या गर्द पसाऱ्यात किंचित करड्या छटेच्या, जाडसर पानांचा निराळाच झुबका जाणत्या गड्याला खालूनच ओळखू येतो. मग कमरेच्या आकडीला कोयता अडकवून तो वर चढतो आणि प्रथम शोधतो ती फांदीवरची गाठ. ह्या गाठीतच परजीवीचे शोषकमूळ यजमानाच्या लाकडात शिरलेले असते, आणि तिच्यापासून निघालेले धुमारे सालीवरून सरपटत पुढे जाऊन जागोजाग नवी शोषकमुळे रोवतात. म्हणून नुसता पाला ओरबाडून भागत नाही. गाठीच्या खाली हातभर अंतर राखून फांदीच छाटावी लागते. मुख्य खोडावर बांडगुळाने ठाण मांडले असेल, तर गाठ तासून काढून त्या छेदावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मलम लावतात. हे काम सावकाशीचे आहे. घाईने केलेले काम पुढल्या वर्षी पुन्हा करावे लागते.

बांडगूळ, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेतील डेन्ड्रोफ्थो फाल्काटा, हे अर्धपरजीवी होय. त्याची पाने हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करते. पाणी आणि क्षार मात्र यजमानाकडून वसूल करते, आणि त्यामुळे गाठीच्या पलीकडची फांदी हळूहळू क्षीण होऊन वाळते. तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर त्याची वहिवाट आढळते. त्याच्या नळीसारख्या फुलांतील मध सूर्यपक्षी व फुलटोचे घेतात, आणि पक्व कळीला चोच लागताच ती फट्‌दिशी उमलून पराग उधळते. पुढे फळ गिळणाऱ्या फुलटोच्याच्या विष्ठेतून चिकट बी बाहेर पडते, फांदीला डकते आणि मातीचा स्पर्शही न होता तेथेच रुजते. सालिम अली यांनी पक्ष्यांच्या ह्या कामगिरीवर लेख लिहिला, तो कोकणातल्याच निरीक्षणांच्या आधारे, १९३१ साली.

छाटलेला पाला शेळ्यांच्या मुखी जातो. फळाचा मौसम आला, की गुराखी मुले पिकलेल्या फळांतील गोडसर, चिकट गर चोखून बी टाकून देतात. आयुर्वेदाच्या दप्तरीही ह्या वनस्पतीची नोंद जुनी आहे. निघंटूंत ती वंदा, वृक्षादनी ह्या नावांनी येते, आणि तिची तुरट साल व पाने व्रण, मूत्रविकार व स्त्रियांचे आर्तवविकार ह्यांवर योजिली जातात. बांडगूळ कोणत्या झाडावरचे, हा प्रश्न जुने वैद्य आधी विचारीत, आणि तो निराधार नव्हता. काजऱ्याच्या विषारी झाडावर वाढलेल्या बांडगुळाच्या जातीत यजमानाचे विष उतरल्याचे आढळले आहे. तेव्हा यजमान वृक्ष ठाऊक नसेल, तर ह्या वनस्पतीचे फळ तोंडात घालू नये आणि औषध वैद्यावाचून घेऊ नये.

बागायतदाराला पीक राखावयाचे असल्यामुळे कलमावरचे बांडगूळ निघालेच पाहिजे, आणि पक्षी शेजाऱ्याची हद्द जाणत नसल्यामुळे ते साऱ्या वाडीने एकाच वेळी, फळे धरण्यापूर्वी काढले पाहिजे. परंतु बागांपासून दूर असलेल्या रानातून त्याचा नायनाट करण्याचे कारण नाही. हळदीकुंकू नावाचे देखणे फुलपाखरू आपली अंडी त्याच्याच पानांवर घालते, फुलटोच्याचा निर्वाह बव्हंशी त्याच्या फळांवर होतो, आणि वैद्यालाही त्याची साल लागते. म्हणून कोकणातल्या बागायतदारांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कोयता बागेत निःशंक चालवावा आणि रानातले बांडगूळ रानाला राहू द्यावे.