जुन्या सायकलीचें वय

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांत पुष्कळ घरीं गोठ्याच्या कोपऱ्यांत अथवा माळ्यावर एखादी जुनी सायकल पडलेली असते. "ती आजोबांची, अस्सल विलायती," एवढेंच घरचीं माणसें सांगतात. आणि एके दिवशीं भंगारवाला तिला वजनावर घेऊन जातो. ती किती वर्षांची व कोणत्या कारखान्यांतील, हें बहुधा तिच्याच अंगावर कोरलेलें असतें. तें कसें वाचावें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें असें आम्हांस वाटतें. हल्लीं जुन्या गिअरच्या सायकली, ज्यांस माउंटन बाइक म्हणतात, चढ्या किंमतीस विकल्या जातात. तेव्हां हें वाचन पैशाच्या दृष्टीनेंही निरुपयोगी नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, रंगावर व चिकटविलेल्या नांवावर मुळींच विसंबूं नये. रंग एका दुपारींत पालटतो. धातूंत ठोकलेलीं अक्षरें मात्र सहसा खोटें बोलत नाहींत. हँडलखालच्या आडव्या नव्हे, उभ्या नळीवर कारखान्याचा बिल्ला असतो. तीन बंदुका एकमेकींस टेकून उभ्या असल्या म्हणजे बी.एस.ए.; बगळ्याचें मस्तक असलें म्हणजे रॅले. परंतु एवढ्यानें सायकल विलायतेंतून आली असें सिद्ध होत नाहीं. मद्रासजवळ अंबत्तूर येथें १९४९ सालीं स्थापन झालेल्या टी.आय. सायकल्स कंपनीनें हर्क्युलिस, फिलिप्स व बी.एस.ए. हीं इंग्रजी नांवें येथेंच घडविलेल्या सायकलींवर घातलीं, आणि आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यानें रॅलेचें नांव बंगालांत आणलें. म्हणून बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम कीं आणखी कांहीं आहे, हें भिंगानें पाहावें.

मागच्या चाकांत स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब असल्यास काम फारच सोपें होतें. युद्धानंतरच्या अशा हबवर सालाचे शेवटले दोन आंकडे ठोकलेले आढळतात. बावन्न असल्यास १९५२. अनेकांवर महिन्याचाही आंकडा असतो. अर्थात् हें वय हबचें होय. चाक मागाहून बदललें असल्यास सांगाड्याचें वय निराळें निघेल. पूर्वीं नगरपालिका सायकलीवर कर घेऊन सालाचा पत्र्याचा अथवा पितळी बिल्ला देत असत. तोही जपून ठेवावा. पण त्या सालीं सायकल रस्त्यावर होती, एवढाच त्याचा अर्थ.

आतां माउंटन बाइक. ही जातच अलीकडची आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मॅरिन परगण्यांतले तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जड सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेनें खालीं सोडीत; आमच्या दंडोबाच्या डोंगरावरून कोणी सोडाव्या तशाच. पायडल उलट दाबून लागणारा ब्रेक इतका तापे कीं हबांतील ग्रीस जळून धूर निघे, व तें पुन्हां भरावें लागे. यावरूनच १९७६ सालीं सुरू झालेल्या तेथील शर्यतीस 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं नवा सांगाडा घडविला, आणि १९८१ सालीं स्पेशलाइज्ड कंपनीची जपानांत तयार झालेली स्टंपजंपर दुकानांतून मोठ्या प्रमाणावर विकली जाऊं लागली. तेव्हां १९७० ची माउंटन बाइक म्हणून कोणी विकूं लागल्यास हंसून पुढें जावें.

हिचें वय काढण्याची उत्तम किल्ली म्हणजे शिमानो या जपानी कंपनीचे सुटे भाग. गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या आंतल्या बाजूस, क्रँकच्या पाठीमागें, ब्रेकच्या पोटाशीं बारीक अशीं दोन रोमन अक्षरें असतात. पहिलें सालाचें, दुसरें महिन्याचें. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असें मोजीत झेडपर्यंत गेलें कीं २००१ येतें. पुढें पुन्हां ए. महिन्यांस ए ते एल. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं "१९८५ ची परदेशी" म्हणून घेतलेली सायकल शाळेंत आणली होती. तिच्या यंत्रावर टी सी निघालें: मार्च १९९५. क्रँकवरही तेंच साल. दोन भाग एकमेकांस साक्ष देऊं लागले म्हणजे निकाल बहुधा पक्का. सायकल त्याच सालची, अथवा भाग वखारींत पडून राहिल्यास पुढील सालची. किंमतींत दहा वर्षांचा फरक लहान नव्हे, आणि दोष विकणाऱ्याच्याच माथीं मारावा असेंही नाहीं. त्याला ती वाचतां येत नसेल.

अक्षरें झिजलीं असल्यास घडण पाहावी. मागचा ब्रेक पायडलाजवळच्या खालच्या नळ्यांखालीं दडलेला असेल, तर १९८६ ते १९८८ च्या सुमाराची ती रीत. पुढच्या चिमट्यांत दाबणारी स्प्रिंग अथवा हवा १९९० पूर्वींच्या सायकलींत क्वचितच. लांब भुजांचा शिमानोचा व्ही-ब्रेक १९९६ सालचा. तो मूळचाच असेल, तर सायकल त्याआधींची नाहीं. पण ब्रेक बदलणें पांच मिनिटांचें काम आहे, हें विसरूं नये.

शेवटीं सायकल उलटी करून क्रँकच्या नळीखालचा क्रमांक पाहावा. प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी असल्यामुळें त्यांत ६२ दिसलें म्हणून १९६२ असें धरूं नये. मळ रॉकेलच्या फडक्यानें पुसावा, कानस किंवा खरकागद लावूं नये. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीची शाई नव्हे, शिसें आडवें घांसावें. क्रमांक कागदावर उमटतो. पुण्यास कर्वेनगरांतील विक्रम पेंडसे यांचें सायकलसंग्रहालय पाहण्याचा योग आल्यास हा कागद सोबत न्यावा. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील छत्रीधारी सैनिकांची घडीची बी.एस.ए. आहे, ती पाहण्यासाठीं मुलांस मुद्दाम वेळ द्यावा. आणि क्रमांक उतरून घेईपर्यंत घरच्या सायकलीस नवा रंग देऊं नये.