लहान मोटारीची पूर्ण धाव

मोटारीची खरी परीक्षा तिच्या कमाल वेगावर होते असे म्हणतात; परंतु बहुतेक मोटारींवर ही परीक्षा देण्याचा प्रसंग कधी येतच नाही. ताशी दीडशे किलोमीटर धावण्याची ताकद असलेली गाडी उभ्या आयुष्यात साठ-सत्तरच्या वेगाने फिरते आणि तिची उरलेली शक्ती सावकाराच्या ठेवीसारखी पडून राहते. जुन्या काळच्या लहान, स्वस्त मोटारीचे तसे नव्हते. हातातोंडाची गाठ पडली तरी पुष्कळ, अशी तिची स्थिती. मोकळ्या रस्त्याला लागताच चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावयाचा आणि मुक्काम दिसेपर्यंत पाय बहुधा तेथेच ठेवावयाचा. अशी गाडी पूर्ण वेगाने चालविणे म्हणजे बेताच्या मिळकतीत नेटका संसार करणे होय.

या जातीच्या मोटारींत फ्रान्समधील सित्रोएन कारखान्याची ‘द शव्हो’ विशेष प्रसिद्ध आहे. या नावाचा अर्थ ‘दोन घोडे’. हे घोडे मात्र कर आकारणीच्या कोष्टकातील होते. इंजिनाच्या प्रत्यक्ष शक्तीशी त्यांचा संबंध नव्हता. कारखान्याचे प्रमुख प्येर बुलांजे यांनी 1930 नंतरच्या दशकात आपल्या यंत्रज्ञांपुढे मागणी ठेवली ती अशी : दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे घेऊन ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी हवी, शंभर किलोमीटरला तिने तीन लिटरच पेट्रोल खावे, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत. महायुद्धामुळे काम लांबले. अखेर 1948 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या बेढब रूपाची वृत्तपत्रांनी थट्टाच केली. परंतु गिऱ्हाइकांनी एवढी गर्दी केली की, गाडी हाती पडण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. ग्रामीण डॉक्टर, सुईणी, धर्मगुरू आणि लहान शेतकरी यांना अग्रक्रम दिला जाई. 1990 मध्ये पोर्तुगालमधील कारखान्यात शेवटची गाडी तयार झाली, तोपर्यंत अशा अडतीस लाखांहून अधिक मोटारी रस्त्यावर आल्या होत्या. हौशी लोक त्यांतील जुन्या गाड्या आजही चालवितात.

पहिल्या गाडीचे इंजिन दोन सिलिंडरचे, 375 घन सेंटिमीटरचे, आणि त्याची शक्ती अवघी 9 अश्वशक्ती. कमाल वेग ताशी सुमारे 65 किलोमीटर. हा आकडा कोठून आला? वेग वाढतो तसा समोरच्या हवेचा रोधही वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो. आणि त्या रोधावर मात करून तो दुप्पट वेग टिकविण्यासाठी आठपट शक्ती लागते. समोरच्या वाऱ्यात ज्याने सायकल हाकली आहे त्याच्या पोटऱ्यांना हा नियम ठाऊक असतो. चाकांचे घर्षण एवढ्या झपाट्याने वाढत नाही, म्हणून प्रत्यक्षातला हिशेब थोडा सौम्य ठरतो, इतकेच. इंजिनाची सारी शक्ती आणि रस्ता व हवा यांचा सारा विरोध जेथे समसमान होतात, तोच गाडीचा कमाल वेग. याच गाडीला पुढे 602 घन सेंटिमीटरचे, सुमारे 29 अश्वशक्तीचे इंजिन मिळाले; शक्ती तिपटीहून अधिक झाली, पण वेग ताशी 115 किलोमीटरच्या आसपास गेला, म्हणजे दुप्पटही झाला नाही.

तराजूची दोन्ही पारडी अशी समतोल असली म्हणजे लहानशा वजनानेही ती झुकतात. ताशी पंधरा किलोमीटरचा वारा समोरून येऊ लागला, की 65 च्या वेगावरील हवेचा रोध दीडपट होतो. चढाची गोष्ट तर याहून कठीण. दोन माणसांसह गाडीचे वजन साडेसहाशे किलो धरले, तर वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर 65 चा वेग कायम ठेवण्यासाठी केवळ चढापोटी जवळजवळ आठ अश्वशक्ती जास्त लागेल. जवळ एकूण नऊच, आणि त्याही आधीच खर्ची पडलेल्या! अर्थात वेग पडतो आणि खालचा गिअर टाकावा लागतो.

म्हणूनच जाणता चालक दूरवर दृष्टी ठेवतो. उतारावर मिळालेला वेग तो समोरच्या चढासाठी राखतो. वळण दिसले की आधीच पाय किंचित उचलतो, म्हणजे पुढे ब्रेक लावून जमविलेला वेग उधळावा लागत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय या गाडीच्या वेगाला तंतोतंत लागू पडतो : एक अनावश्यक ब्रेक लागला, की गेलेला वेग पुन्हा मिळविण्यास लांबच लांब रस्ता खर्चावा लागतो. परंतु वळणापलीकडे काय आहे हे दिसत नसेल, तर तो वेगाचा लोभ सोडतो. वेग पुन्हा मिळविता येतो.

खरा धोका आहे तो दुसऱ्या वाहनाला मागे टाकण्यात. ताशी 60 च्या वेगाने चाललेली लॉरी 65 च्या वेगाने ओलांडावयाची आहे असे समजा. लॉरीची लांबी, मोटारीची लांबी आणि मागचे-पुढचे सुरक्षित अंतर मिळून 30 मीटरची आघाडी घ्यावी लागते. दोन वेगांतील फरक ताशी अवघा पाच किलोमीटर असल्यामुळे या कामाला जवळजवळ 22 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार 390 मीटर पुढे जाते. आणि समोरून ताशी 90 च्या वेगाने कोणी येत असेल, तर तो 540 मीटर जवळ येतो. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर रस्ता स्वच्छ दिसत असल्याखेरीज हा बेत मनात आणणेही गैर. हेच काम 90 च्या वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांच्या आत उरकते. लहान मोटारीच्या चालकाने लॉरीच्या मागे, थोडे अंतर राखून, धीराने चालावे हेच बरे. पाच किलोमीटरच्या फरकासाठी प्राण पणाला लावण्यात शहाणपण नाही.

इंजिनाला सतत पूर्ण जोराने राबविले तर ते लवकर मोडणार नाही काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु हे इंजिन तशाच राबणुकीसाठी घडविलेले होते. ते हवेने थंड होते. रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणून पाणी उकळण्याचे भयही नाही. थंड करणारा पंखा इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच बसविलेला. त्यामुळे पट्टा तुटण्याची चिंता नाही. चढावर गाडी रेंगाळली, तरी खालच्या गिअरमध्ये इंजिन जोराने फिरतच असते आणि पंखाही त्याच्याबरोबर फिरतो. पंख्यामागे तेल थंड करण्याचीही व्यवस्था आहे. चालकाने तेवढी तेलाची पातळी नित्य पाहावी आणि पंख्याची वाट मोकळी ठेवावी.

प्रत्येक काटकसरीची काही किंमत द्यावीच लागते. आरंभीच्या गाड्यांत काचेवरील पाणी पुसणारे वायपर वेगदर्शकाच्या तारेवर चालत. गाडी पळाली की तेही पळत. आणि पावसात चढावर गाडी मंदावली की तेही मंदावत. गाडी उभी असता ते हाताने फिरवावे लागत. काचेवरचा पाऊस पाहूनच चालकाला आपल्या वेगाची कल्पना यावी, असा हा प्रकार होता.

ज्या बुलांजे यांनी ही मंद मोटार जगाला दिली, त्यांचा अंत 1950 च्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावरील अपघातातच झाला. त्या वेळी ते आपल्याच कारखान्याच्या मोठ्या, वेगवान मोटारीत होते. वेगाचे नियम लहानमोठा, जाणता-अजाणता असा भेद करीत नाहीत. दणकट मोटारीत चालकाची चूक राखीव शक्तीच्या आड झाकली जाते. तो उशिरा पाहतो, उशिरा ठरवितो, आणि तरीही बहुधा निभावून जातो. निभावले नाही, तर त्या दिवशी वेगाचे सारे देणे एकदमच फेडावे लागते. लहान मोटारीत प्रत्येक चुकीचा जाब तेथल्या तेथे, चार-पाच किलोमीटरच्या वेगाने द्यावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही शिकवण ज्याच्या अंगी मुरली, त्याच्या हाती पुढे कितीही मोठी गाडी आली तरी शेजारी निर्धास्त बसावे.