बाळदुपट्याचे मऊ अस्तर

घरात बाळाची चाहूल लागली की पूर्वी सर्वांत आधी उघडली जाई ती जुन्या लुगड्यांची ट्रंक. वर्षानुवर्षे धुऊन विरलेले धोतर, रंग उडालेले सुती लुगडे यांचे चार-सहा पदर एकावर एक अंथरले जात आणि कडेपासून आत आत धावदोरा सरकत जाई. नव्या कापडातील खळ कोवळ्या त्वचेला टोचते, जुने कापड टोचत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे होता. आता घरोघरी नेसूची सुती लुगडीच उरलेली नाहीत; कपाटातील निम्म्या साड्या सिंथेटिक आहेत. त्या रिकाम्या जागेत गेल्या काही वर्षांत एक नवे कापड आले आहे. एका बाजूस छापील सुती कापड आणि दुसऱ्या बाजूस लुसलुशीत लव असलेले अस्तर, अशी दुपटी बारशाच्या भेटींत हमखास दिसतात.

या लवदार कापडाला बाजारात प्लश किंवा मिंकी म्हणतात. नावात मिंक या प्राण्याची आठवण असली, तरी कापडात प्राण्याचा एक केसही नसतो, हे जैन घरांत मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ते संपूर्ण पॉलिएस्टरचे असते. कापडाच्या धंद्यातील माणसाला याची खूण सांगावी लागत नाही: कडेचा दोरा जाळला तर सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. हे कापड हातमागावर किंवा यंत्रमागावर विणलेले नसून बनियनच्या कापडासारखे गुंफलेले असते, म्हणून ते आडव्या बाजूस ताणले जाते. पन्हा साधारण दीड मीटर असतो. शिवणाऱ्याची बहुतेक डोकेदुखी या एका ताणातून जन्मते.

सुती कापड आधी धुऊन घ्यावे. ते पहिल्या धुण्यात आटते, प्लश आटत नाही. न धुता दोन्ही एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यानंतर दुपट्याला सुरकुत्या पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. बाळासाठी ९० बाय १०० सेंटिमीटरचे माप पुरते. प्लश मात्र चारही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर जास्त कापावे आणि शिवून झाल्यावर बरोबर करावे. कापडावरून हात फिरवला असता लव ज्या दिशेस गुळगुळीत बसते ती दिशा खाली ठेवायची. उलट बाजूवर खडूने खूण करून एकेरीच कापावे. कापताना लवेचे तंतू खोलीभर उडतात. कापलेला तुकडा लगेच गॅलरीत झटकला आणि कडेवरून ओला फडका फिरवला, तर पुढचा त्रास पुष्कळ वाचतो. हे काम बाळ ज्या खोलीत असेल तेथे करू नये.

दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून दर चार-पाच सेंटिमीटरवर टाचणी लावावी. एवढ्या टाचण्या अतिरेकी वाटतील. पण प्लश सुताच्या खालून अक्षरशः चालत जाते. नवशिक्याने आधी हाताने कच्चा धावदोरा घातला तर उत्तम. मशीनवर प्लश खाली व सुती कापड वर ठेवावे, टीप ३ मिलिमीटरची घ्यावी, सुई बोथट टोकाची असावी आणि कडेस सव्वा सेंटिमीटर जागा सोडावी. वॉकिंग फूट असल्यास तोच लावावा. कडेला हातभर जागा उघडी ठेवण्याची गरज नाही, वीतभर पुरते. तेथून दुपटे सुलट करून ती जागा हाताने शिवायची, मग कडेपासून थोडे आत चहूबाजूंनी टीप मारायची. काम संपल्यावर बॉबिनची जागा उघडून पाहिल्यास तेथे लवेचा छोटा कापूसच सापडतो.

मध्ये कापसाची गादी भरण्याची आपल्या हवामानात गरज नाही. त्याऐवजी आजीची जुनी सुती साडी मधल्या थरात घालावी. जर, टिकल्या आणि फॉल आधी उसवून टाकावेत. हा थर आधी सुती कापडाच्या मागे जोडून घेतला की मशीनखाली अंग सरळ राहते आणि ट्रंकेतल्या कापडालाही जागा मिळते.

येथे एक गोष्ट भेटीच्या उत्साहात विसरली जाते. पॉलिएस्टर घाम शोषून घेत नाही. वैशाखातल्या मुंबईत किंवा नागपुरात प्लशची बाजू बाळाच्या अंगाला लावणे म्हणजे त्याला उबवणे होय. न्यू जर्सीत वा अँटवर्पला थंडीत राहणाऱ्या नातवंडाची गोष्ट वेगळी. पण झोपेचा नियम सर्वत्र एकच आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की एक वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर, घट्ट व सपाट पृष्ठभागावर झोपवावे आणि जवळ सुटे पांघरूण, उशी वा मऊ खेळणे ठेवू नये. तोंडावर आलेले मऊ कापड बाजूला सारण्याची ताकद लहानग्याकडे नसते. ‘आम्ही नाही का गोधडीत वाढलो?’ हा प्रश्न घरातील ज्येष्ठ विचारणारच. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दुपट्याला दुसरे काम द्यावे: जागेपणी फरशीवर अंथरून पालथे पडण्याचा सराव, बाबागाडीत मोठ्यांच्या नजरेसमोर पायांवर, दूध पाजताना आईच्या मांडीवर. बटणे, लटकत्या फिती, मणी मात्र कोठेही नकोत.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण आणि सावलीतील दोरी. कापड मऊ करणारे द्रव घातल्यास लव चिकट होऊन बसते. इस्त्री फक्त सुती बाजूने, तीही कोमट. गरम इस्त्रीखाली लव वितळून तेथे चकचकीत डाग पडतो आणि तो निघत नाही. पहिल्या दोन धुण्यांत थोडे तंतू सुटतील, म्हणून दुपटे भेट देण्यापूर्वी घरीच दोनदा धुऊन, वाळवून आणि झटकून द्यावे.