बटण दाबलं... पुढे काय?

हॉस्टेलवर कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की निदान करायला दारात चार जण तरी जमतात. एक म्हणतो, "रॅम उडाली." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मार, होईल नीट." तिसरा काही न बोलता कॅबिनेटला एक थाप मारतो. मित्रांनो, मी आजवर या तिसऱ्या प्रकारातलाच होतो. पण गेल्या दिवाळीत गावी, म्हणजे बेंबळीला, असा एक कॉम्प्युटर पुढ्यात आला की थाप मारायची हिंमत झाली नाही.

हा कॉम्प्युटर माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा. २००४ साली उस्मानाबादहून (आताचं धाराशिव) जोडून आणलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि टेबलाचा निम्मा भाग व्यापणारा पोटवाला मॉनिटर. तात्या एमएस-सीआयटी करून आलेले, त्यामुळे गावातल्या लग्नपत्रिका आणि गणेश मंडळाच्या पावत्या त्यावरच व्हायच्या. लोडशेडिंगमुळे दिवसातले कित्येक तास लाईट नसायची, मग रात्री जागून टायपिंग. पुढे काम कमी झालं, लॅपटॉप आला आणि २०११ च्या सुमारास हे धूड माळ्यावर गेलं.

ते खाली काढायचं कारण एक फाइल. माझ्या आजोबांची, आबांची, बहीण सास्तूरला दिलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्याखाली तिच्या घरातली सात माणसं गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन निघालेल्या ट्रकमधून आबा तिकडे गेले होते. ती सगळी हकिगत २००५ साली आबांनी सांगितली आणि तात्यांनी टाइप केली. कोण कुठे झोपलं होतं, कोण किती वर्षांचं होतं, सगळं नावानिशी. आबा २०१२ ला गेले. एकच प्रिंट काढलेली होती, तिला वाळवी लागली.

तात्या एवढंच म्हणाले, "बघ की जरा. तू इंजिनेर हायस."

आता मुद्द्याचं. "कॉम्प्युटर चालू होत नाही" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. धाराशिवहून सुटलेली एसटी बेंबळीला पोचली नाही, तर ती डेपोतून निघालीच नाही, वाटेत पंक्चर झाली, की फाट्यावर उभी आहे, हे आधी विचारावं लागतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. बटण दाबल्यापासून विंडोजचं चित्र दिसेपर्यंत ठरलेले थांबे असतात आणि ते त्याच क्रमाने येतात. काय बिघडलं हे नंतर, गाडी कुठपर्यंत आली हे आधी.

पहिला थांबा विजेचा. प्लग लावण्याआधी अंगणात नेऊन ब्रशने धूळ काढली (पालीची अंडी निघाली, त्याचा तपशील देत नाही). एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असं लिहिलेलं छोटं लाल बटण असतं, ते २३० वर आहे ना हे बघितलं. ते ११५ वर असताना आपल्या लाईटला जोडलं तर एसएमपीएस फटाक्यासारखा वाजतो. दिवाळी असली तरी तो आवाज नको होता.

प्लग लावला, बटण दाबलं. काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही.

इथे बहुतेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. मीही तासभर त्यालाच दोष देत बसलो. खरं तर तपासणी दोन मिनिटांची आहे. त्या काळच्या एसएमपीएसमधून मदरबोर्डला वीस पिनांचा कनेक्टर जातो. त्यातली जांभळी वायर म्हणजे स्टँडबाय. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू आहे तोवर तिच्यावर ५ व्होल्ट असायलाच हवेत. मल्टिमीटर लावला, ५.०४ आले. मग तो कनेक्टर मदरबोर्डवरून काढला, सीडी ड्राइव्हला वायर जोडून थोडा लोड दिला आणि हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला क्लिपने जोडली. बटण दाबल्यावर मदरबोर्ड नेमकं हेच करतो, हिरवी वायर ग्राउंडला खेचतो. पंखा फिरला! म्हणजे एसएमपीएस जिवंत.

मग राहिलं काय? बटण! मदरबोर्डच्या कोपऱ्यात पॉवर स्विचच्या दोन बारीक पिना असतात. टेस्टरच्या टोकाने त्या क्षणभर एकमेकींना टेकवल्या आणि सगळे पंखे गरगर फिरले. कॅबिनेटच्या पुढचं बटण आतून गंजलं होतं, एवढंच. रिसेटच्या बटणाची वायर तिथे लावून टाकली.

जाता जाता दोन गोष्टी. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी हॉस्टेलवर अनुभवलं असेल. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, पण अर्थिंग करून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे एसएमपीएसचा डबा आणि पोटवाला मॉनिटर उघडायचा नाही. डब्यातल्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट डीसी साठलेला असू शकतो आणि पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट. आपल्याला अजून सबमिशन द्यायचंय.

तर पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच. आणि कॅबिनेटमधून लांबलचक बीऽऽप, थांबून परत बीऽऽप. मला हायसं वाटलं. घरच्यांना वाटलं आता स्फोट होतोय.

हायसं का, तर हा दुसरा थांबा आहे आणि इथे गाडी स्वतःच सांगते की ती का थांबली. व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस राखाडी वायरवरून "पॉवर गुड" असा इशारा देतो. अर्ध्या सेकंदाच्या आतला हा मामला. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो आणि बायोस चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. मग बायोस रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. डिस्प्लेची पाळी येण्याआधीच काही बिनसलं तर स्क्रीनवर सांगणार कसं? म्हणून आवाज. आमच्या बोर्डावर अ‍ॅवॉर्ड कंपनीचा बायोस होता. त्यात लांब बीप परत परत म्हणजे रॅम, एक लांब दोन छोटे म्हणजे डिस्प्ले, आणि एकच छोटा म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या कंपन्यांच्या बायोसची भाषा वेगळी असते, ती बोर्डाच्या पुस्तिकेत बघावी. बीपच येत नसेल तर मात्र काम अवघड, कारण ओरडायलासुद्धा प्रोसेसर आणि बायोस शुद्धीवर असावे लागतात.

रॅम काढली. काढण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली. खालच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या होत्या. चुलत बहिणीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासल्या, कापडाने पुसल्या, रॅम दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत बसवली. एकच छोटा बीप. पडद्यावर अक्षरं आली! आज्जी बाहेरूनच म्हणाली, "लागला का रं?"

लागला होता, पण त्याच्या मते तारीख १ जानेवारी २००३ होती आणि खाली "सीमॉस चेकसम एरर, एफ-१ दाबा" असं लिहिलं होतं. हा किरकोळ प्रकार. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा बटणसेल ३ व्होल्टचा असतो, आमचा ०.४ वर आला होता. घड्याळाच्या दुकानात तसाच सेल मिळाला. बदलला, तारीख लावली, हार्ड डिस्क ओळखली जातेय हे बायोसमध्ये बघितलं. तिसरा थांबा गाठला. इथे बायोस हार्ड डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतो आणि सूत्रं विंडोजच्या हातात देतो.

विंडोज एक्सपीचं चित्र आलं. खालची निळी पट्टी सरकायला लागली. तात्या खुर्ची ओढून बसले. आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला.

पुन्हा तेच. परत तेच. आणि इथे मी मोठी चूक केली. आठ-नऊ वेळा बटण दाबत राहिलो, कधीतरी होईल म्हणून. नवव्या वेळी हार्ड डिस्कमधून टिक्-टिक् असा आवाज आला. माझ्या हातापायातलं बळच गेलं. प्लग ओढून काढला.

शांतपणे बॅटरी मारून बघितलं तेव्हा कारण समोरच होतं. प्रोसेसरच्या बाजूला रांगेत उभे असलेले कपॅसिटर. त्यातल्या तिघांची डोकी पुरीसारखी फुगलेली, एकाच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या मदरबोर्डांना लागलेला हा रोग जगभर गाजला होता. कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि ओलसर इलेक्ट्रोलाइट असतं. ते निकृष्ट असेल तर ॲल्युमिनियमवर रासायनिक क्रिया होऊन आत हायड्रोजन वायू साठतो आणि डोकं फुगतं. डोक्यावरची फुलीची खाच त्यासाठीच असते, फुटायचंच तर तिथे फुटावं म्हणून.

पण मग पहिले दोन थांबे कसे पार झाले? १२ व्होल्टचे साधारण दीड व्होल्ट करून प्रोसेसरला चाळीसेक अँपिअर करंट पुरवायचा, हे त्या भागाचं काम, आणि त्यातले चढउतार सपाट करायचं काम या कपॅसिटरांचं. बायोसपर्यंत प्रोसेसर निवांत असतो. विंडोज लोड व्हायला लागलं की भूक वाढते, थकलेले कपॅसिटर कमी पडतात, व्होल्टेज खाली जातो आणि प्रोसेसर रिसेट होतो. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातला बल्ब पिवळा पडतो, तसंच.

कपॅसिटर बदलता येतात. १०५ अंशांचे, लो-ईएसआर प्रकारचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि कमीत कमी तेवढ्याच व्होल्टचे आणायचे आणि ध्रुव बघून लावायचे. आमच्या लॅबमध्ये मी ते केलंही असतं. पण आपल्याला कॉम्प्युटर हवाय की फाइल? दिवसभर मी मदरबोर्ड दुरुस्त करत होतो आणि फाइल मदरबोर्डमध्ये नव्हतीच. प्रत्येक फसलेल्या सुरुवातीला हार्ड डिस्कचे हाल होत होते, तेही माझ्याच हातून. बायोसने डिस्क ओळखली त्याच क्षणी थांबून ती बाहेर काढायला हवी होती.

डिस्क काढली, जुन्या चंदेरी पिशवीत आणि मग टॉवेलात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर ठेवून हॉस्टेलवर आणली. शेजारच्या रूममधल्या मित्राकडे आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचं अ‍ॅडॉप्टर होतं (अशा मोठ्या डिस्कला १२ व्होल्टची वेगळी वायर लागते, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही). एक नियम इथे कळला. आजारी डिस्कवरून फाइल उघडायला जायचं नाही, आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अवघड सेक्टरांकडे नंतर वळतो. तासाभरात व्हायचं काम रात्रभर चाललं. रूममधले तिघे जण आळीपाळीने आकडे बघत होते. सकाळी फक्त १४ केबी वाचायचं राहिलं होतं.

"आबा-२" नावाची वर्ड फाइल मिळाली. उघडली, तर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी! मला वाटलं ते १४ केबी नेमके इथलेच.

तसं नव्हतं. त्या काळी मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत चालायचं. त्यात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या लेखी ते रोमनच. आज युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तेव्हा नव्हता असं नाही, एक्सपीत मंगल फॉन्ट होताच, पण डीटीपीवाल्यांचे हात जुन्या कळफलकावर बसलेले. म्हणजे फाइल धडधाकट होती, तिचा फॉन्ट तेवढा हवा होता. आणि तो त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये पडून होता. तो टाकला मात्र, नऊ पानं देवनागरी झाली. सातव्या पानावर सात नावं.

एका कन्व्हर्टरने ती पानं युनिकोडमध्ये आणली आणि तात्यांना मोबाईलवर पाठवली. रात्री त्यांचा फोन आला. सगळं वाचलं म्हणाले. मग थोडं थांबून, "चौथ्या नावातला रफार गेलाय बघ."

खरंच गेला होता. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो 'र' बनून अक्षराच्या आधी साठतो, आणि कन्व्हर्टर नेमका तिथेच गडबडतो. फोन चालू ठेवून मी तो घातला. मग तात्यांनी उरलेली नावं एकेक करून वाचली आणि मी पडद्यावर ताडून बघितली.